सुई-दोरा : सॅकसकट अंगावर येणारा रेनकोट

ठाणे जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर पावसात राजमाचीला जाणार आहे. मागच्या वर्षी घेतलेला रेनकोट तिला अंगाला नीट बसतो, पण पाठीवर सॅक घेतली की पुढची चेनच लागत नाही. सॅकवरून घालायचा तयार कोट दुकानात बघितला आणि किंमत ऐकून परत आले. तिचे वडील म्हणतात, एवढी कटकट आहे तर जाऊच नको. घरी मशीन आहे, मला शिवण येतं. काही करता येईल का?"

येईल ताई, नक्की येईल. एका चेनपायी मुलीचे जाणे अडावे हे काही बरोबर नाही. घरातली पहिली मुलगी डोंगर बघायला निघाली असेल तर तिला कोरडी कशी ठेवायची एवढाच प्रश्न आपल्यापुढे असावा. आणि हा प्रश्न फक्त डोंगर चढणाऱ्यांचा नाही. दप्तर घेऊन दोन-दोन मैल चालणारी मुले, रजिस्टरांनी भरलेली बॅग घेऊन वस्त्या फिरणाऱ्या आशाताई, पाठीवर पार्सलांचे ओझे घेऊन पावसात फिरणारी आपली पोरे, या सगळ्यांची अडचण एकच आहे. अंगाचा कोट अंगापुरता बेतलेला असतो, ओझ्यासाठी त्यात जागा ठेवलेलीच नसते.

आपल्याकडे ही गोष्ट पूर्वी लोकांना चांगली ठाऊक होती. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचे इरले आठवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पाने. डोक्यापासून कमरेखालपर्यंत सगळी पाठ एका छपराखाली. गोणपाटाची खोळही तशीच. एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की डोके आणि पाठ झाकली, आणि खोळीखाली पाठुंगळी पोर असले तरी तेही झाकले. पाणी वरून येते, म्हणून छप्पर सगळ्यात वर हवे, माणूस आणि ओझे दोन्ही त्याच्या खाली हवे. आपल्याला रेनकोटाचे हेच करायचे आहे.

काही जणी विचारतील, सॅकला वेगळे रेनकव्हर मिळते, ते का घालू नये? जरूर घालावे, काहीच नसण्यापेक्षा ते बरे. पण कव्हर सॅकच्या बाहेरच्या बाजूवर बसते. मानेवरून ओघळणारे पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून खाली जाते, सॅकचे पट्टे आणि पाठीकडची गादी भिजते, आणि ते पाणी कव्हरच्या तळाशी साठते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे चढणीवर पायांना लगेच कळते. शिवाय रेनकोटावरून सॅक अडकवली की पट्टे खांद्यावर घासत राहतात आणि नेमका तिथलाच पाणी अडवणारा थर झिजतो. दोन पावसाळ्यांत खांदे गळू लागतात. पोंचो म्हणजे मधे भोक असलेली मोठी चादर. ती सॅकवरून येते, स्वस्तही असते, सपाट वाटेवर कामही देते. पण घाटमाथ्यावर वारा सुटला की ती तोंडावर उडते आणि पाय कुठे पडतो ते दिसत नाही. शेवाळलेल्या दगडावर ही गोष्ट धोक्याची आहे. छत्रीचे तर नावच नको.

हे सगळे मी थोडे लांबवून सांगते आहे त्याला कारण आहे. आंबोली, महाबळेश्वर या भागांत वर्षाला सरासरी ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नागपूरला वर्षात जेवढा पडतो त्याच्या चौपटीहून हे जास्त आहे. आपल्या डोंगरात बर्फ नाही म्हणून थंडीची भीती नाही, असे पुष्कळांना वाटते. पण ओले कपडे आणि वारा एकत्र आले की अंगाची ऊब झपाट्याने जाते. पाणी हवेपेक्षा वीस पटीहून अधिक वेगाने उष्णता ओढून नेते. कुडकुडणे थांबत नाही, बोटांना बंद लागत नाहीत, बोलणे अडखळते, अशी वेळ ऑगस्टमध्येही येते. अशा वेळी सॅकमधला कोरडा शर्ट आणि कोरडी चादर हेच औषध. तेच भिजलेले असले तर मग काय करायचे?

आता कामाला लागू.

आधी कोट कोणता आहे ते बघा. आत रबरासारखा जाडसर चकचकीत थर असेल, वास प्लॅस्टिकचा येत असेल, तर तो पीव्हीसीचा. बाहेरून नायलॉन किंवा पॉलिस्टरचे कापड आणि आतून पातळ फिक्कट थर असेल तर तो बहुधा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. बाजारातले बहुतेक विंडचीटर याच प्रकारचे असतात. आपल्या कामाला हा सर्वांत सोयीचा. तिसरा प्रकार फार महागाचा, त्यात घामाची वाफ बाहेर सोडणारा पडदा असतो. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९ साली शोधलेल्या पदार्थापासून असे कापड पुढे निघाले. तसला कोट कोणी भेट दिला असेल तर त्याला कात्री लावू नका. त्यापेक्षा चोर बाजारातला, जुन्या कपड्यांच्या हातगाडीवरचा धडधाकट विंडचीटर घ्या आणि त्यावर काम करा. मात्र खांद्याचे आणि आतल्या शिवणींचे थर सुटलेले नाहीत ना, हे उजेडात धरून बघा. ज्याचे पापुद्रे निघू लागले आहेत त्या कोटावर एक तासही घालवू नये.

बहुतेक जणींच्या मनात पहिला विचार येतो तो पाठीला मधोमध फट पाडून कळी घालण्याचा. परकराला, कुडत्याला आपण तशी कळी घालतोच. पण इथे ती पुरत नाही. कळी वर टोकदार असते, आणि सॅक तर खांद्यापाशीच पूर्ण रुंद असते. खाली घेर मोकळा आणि वर घट्ट, असा कोट तयार होतो, आणि मागून तो वर उचलला जातो. तेव्हा पाठीचा मधला भाग सरळ काढून टाकून तिथे मोठा, वरच्या बाजूला चुण्या घातलेला तुकडा बसवावा, असे माझे मत आहे. यात सगळ्या शिवणी जवळजवळ सरळ येतात, म्हणजे नवशिक्या हातालाही काम जमते.

माप घेताना जिच्यासाठी कोट आहे तिला उभी करा. नेहमीचे कपडे अंगात हवेत आणि सॅक भरलेली हवी. रिकाम्या सॅकवर घेतलेले माप कामाचे नाही. काखेखालून टेप फिरवून छाती आणि सॅक दोन्ही मिळून घेर घ्या. समजा ४० लिटरच्या सॅकसकट तो ६२ इंच आला. हात हलायला ३ इंच सैल धरा, झाले ६५. आता कोट चेन लावून पाटावर पसरा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजा. तो २३ इंच आला तर पूर्ण घेर ४६. पासष्टातून सेहेचाळीस वजा केले, उरले १९. एवढे कापड आपल्याला वाढवायचे आहे. पडताळा असा, की हा फरक सॅकच्या जाडीच्या साधारण दुप्पट येतो. ९ इंच जाड सॅकला १८-१९, शाळेच्या ६ इंची दप्तराला १२ च्या आसपास. याहून फार वेगळा आकडा आला तर टेप कुठेतरी वाकली आहे, पुन्हा मोजा.

दुसरे माप लांबीचे. बायका हे माप विसरतात आणि मग कोट मागून कमरेवर चढतो. कॉलरच्या शिवणीपासून टेप सॅकच्या डोक्यावरून बाहेर न्या आणि खाली सोडा. सॅकच्या तळाखाली चार बोटांपर्यंत ती आली पाहिजे. समजा हे माप ३९ इंच आले. कोटाची पाठ मात्र २९ इंचांचीच आहे. म्हणजे मध्यभागी १० इंच लांबी कमी पडते. बाजूंना ती कमी पडत नाही, कारण तिथे कापड अंगालगतच उतरते. म्हणून नवा तुकडा बाजूंना जेवढ्यास तेवढा आणि मधे शेपटासारखा लांब, गोलाईचा असा कापायचा.

कापड पीयूचा थर दिलेले नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्या. रेनकोट, बॅगा, गाड्यांची कव्हरे शिवणाऱ्यांना जिथे माल मिळतो तिथे हे मीटरवर मिळते. छत्रीचे कापड घेऊ नका, ते मोठ्या पावसात झिरपते. ५८ इंच पन्हा असेल तर आपल्या मापाला एक मीटर पुरते आणि पट्ट्यांसाठी कापड उरतेही. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. धुक्यात पुढे गेलेली मुलगी मागच्यांना दिसली पाहिजे. रस्त्याने चालणाऱ्या मुलांसाठी तर हे जास्तच महत्त्वाचे. संध्याकाळी पावसात गाडीवाल्याला काळा कोट दिसतच नाही.

कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या चादरीचा कच्चा नमुना करून बघा. अर्धा तास जातो, पण एक मीटर कापड वाचते.

आता कोटावर खुणा करू. पाठीवर कॉलरपासून ३ इंच खाली एक आडवी रेघ ओढा, १४ इंच लांब, मधोमध येईल अशी. तिच्या दोन्ही टोकांपासून खालपर्यंत सरळ उभ्या रेघा ओढा. म्हणजे १४ इंच रुंद आणि २६ इंच उंच अशी एक खिडकी तयार झाली, खालून उघडी. लक्षात ठेवा, मुंढ्याच्या आणि बाजूच्या मूळ शिवणींना आपण हातच लावत नाही. कंपनीने त्यांना आतून पट्टी चिकटवलेली असते, ती एकदा उसवली की घरी तशी बसत नाही. म्हणून तर खिडकी मुंढ्याच्या आत ठेवली. कातर मात्र रेघेवरून चालवायची नाही, रेघेच्या आत अर्धा इंच सोडून चालवायची. तो अर्धा इंच आपली माया. आत जाळीचे अस्तर असेल तर ते आधी खालून उसवून वर दुमडून ठेवा. कापताना कोटाच्या तळाची नाडी तुटेल. तिची दोन्ही टोके बाजूच्या शिवणीत पक्की अडकवा, नाहीतर ती नेफ्यात आत पळून जाईल आणि सापडायची नाही.

नव्या तुकड्याची रुंदी किती? खिडकीचे १४ आणि वाढवायचे १९, झाले ३३. दोन्ही बाजूंची माया धरून ३४ इंच कापा. लांबी मध्यभागी ३६ (एकूण ३९ मधून वरचे ३ गेले) आणि बाजूंना २६, अधिक वर-खाली अर्धा अर्धा इंच माया. वरच्या कडेला ३३ चे १४ करायचे आहेत, म्हणजे १९ इंच चुण्यांत घालायचे. चार चुण्या घ्या, प्रत्येकीत पावणेपाच इंच. दोन डावीकडे वळवा, दोन उजवीकडे, आणि सगळ्या वरच्या कडेवर सारख्या अंतराने पसरवा. चुण्या फक्त वरच्या शिवणीत धरायच्या, खाली मोकळ्या सोडायच्या. खांद्याखाली लगेच फुगा येतो तो यामुळेच. सॅकचे डोके त्या फुग्यात बसते.

शिवण्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण हे नेहमीचे कापड नव्हे. सुती कापडाला टाचणी टोचली की धागे पुन्हा जुळून येतात. थराच्या कापडाला टोचली की ते भोक कायमचे. स्कॉटलंडमधल्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मधे रबर घालून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. त्याचे कोट शिवायला घेतल्यावर नेमकी हीच अडचण आली. कापड पक्के होते, पण शिंप्याने जिथे जिथे सुई घातली तिथून पाणी आत येऊ लागले. दोनशे वर्षे झाली तरी पावसाच्या कोटाची दुखरी जागा शिवण हीच आहे. तेव्हा टाचण्या मायेतच लावा, किंवा कागदाच्या क्लिपा, कपड्यांचे चिमटे वापरा. कच्चा टाकाही मायेत घाला. टीप एकदाच मारा. चुकले, उसवले, पुन्हा मारली, असे झाले की कापडाची चाळणी होते.

दोरा पॉलिस्टरचा घ्या. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. सुई पातळ कापडाला ११ नंबरची, जाडसर असेल तर १४. सुई नवी हवी, बोथट सुई थर फाडते. टाका मोठा ठेवा, इंचात सात-आठ. बारीक टाके घातले तर शिवण मजबूत होत नाही, उलट तिकिटाच्या कडेसारखी टरकन फाटते. थराची बाजू मशीनच्या पायाला चिकटते आणि कापड पुढे सरकत नाही. अशा वेळी पायाखाली बटर पेपरची पट्टी ठेवून तिच्यासकट शिवा आणि मग ती फाडून काढा. चुण्यांपाशी कापडाचे चार-चार थर येतात. तिथे पायटा मारू नका, हाताने चाक फिरवत एकेक टाका घ्या.

शिवण जीन्सच्या पायाला असते तशी दुमडीची घाला. म्हणजे आधी साधी टीप, मग एका बाजूची माया निम्मी कापून दुसरी तिच्यावर दुमडायची आणि वरून दुसरी टीप. वरच्या आडव्या शिवणीत एक गोष्ट पाळा. वरचे कापड खालच्या कापडावर आले पाहिजे, खालचे वरच्यावर नाही. घराची कौले कशी बसवतो? वरचे कौल खालच्यावर. उलटे बसवले तर पाणी थेट घरात. चुण्यांमुळे या शिवणीत बारीक पोकळ्या राहतातच. म्हणून काढलेल्या जुन्या पाठीतून १५ इंच लांब, ३ इंच रुंद पट्टी कापा आणि ती शिवणीच्या अर्धा इंच वर छज्जासारखी लावा. खालची कड मोकळी ठेवा. रंगही कोटाचाच असल्याने ती पट्टी मुळातलीच वाटते. काही विंडचीटरांना पाठीवर असा छज्जा आधीपासून असतो आणि त्याखाली हवेची जाळी असते. तसा कोट मिळाला तर आडवी रेघ त्या छज्जाच्या पोटातच घ्या, निम्मे काम वाचेल.

शेपटाच्या कडेला नेफा करायचा. कड गोलाईची आहे, ती नुसती दुमडली तर सुरकुत्या पडतात. उरलेल्या कापडातून दीड इंची तिरपी पट्टी कापून ती आतून लावा, आणि तिच्यातून इलॅस्टिकची गोल दोरी ओवा. दोन्ही टोकांना अडकवणी लावली की सॅकच्या तळाखाली कोट हवा तेवढा आवळता येतो. नेफ्याला मधोमध तळाशी एक बारीक छिद्र ठेवा, आत शिरलेले पाणी तिथून निघून जाईल.

सॅक नसेल तेव्हा एवढे मोठे मागचे फुगे घेऊन कसे फिरायचे, असा प्रश्न मुली हमखास विचारतील. शेपूट आत वर दुमडावे आणि आतल्या बाजूने, बाजूच्या शिवणींच्या मायेला लावलेल्या दोन बंदांनी बांधावे. टिचबटणे आणि वेल्क्रो पाठीच्या मधे लावू नका. प्रत्येक बटण म्हणजे एक भोक, आणि तेही नेमके पाणी वाहते तिथे.

आता शिवणी बुजवणे. यात घाई करू नये. पीयूच्या कापडाला इस्त्रीने चिकटणारी सीम टेप मिळते. कोट उलटा करून शिवण आधी पुसून कोरडी करा, टेप शिवणीवर मधोमध ठेवा, वर सुती फडके घाला आणि इस्त्री मंद, नायलॉनच्या खुणेवर ठेवून थोडा थोडा भाग दाबत पुढे जा. इस्त्री घासू नका. गार होईपर्यंत हात लावू नका. आधी एका तुकड्यावर करून बघणे बरे. पीव्हीसीच्या कोटाला इस्त्री अजिबात लावायची नाही, तो वितळतो. त्याला पीव्हीसी चिकटवण्याचा डिंक मिळतो, तो ब्रशने शिवणीवर पातळ दोनदा लावा. डिंक कोणताही असो, खिडकी उघडी ठेवा, स्टो किंवा गॅस जवळ नको, लहान मुले जवळ नकोत. एका खोलीच्या घरात हे काम स्वयंपाक उरकल्यावरच काढा, किंवा सरळ गच्चीवर न्या.

कोट तयार झाला की परीक्षा घरीच घ्या, डोंगरात नको. सॅकमध्ये वर्तमानपत्राचे कागद भरा, ती खुर्चीला अडकवा, वरून कोट घाला आणि मोरीत किंवा अंगणात झारीने दहा-पंधरा मिनिटे पाणी सोडा. मग कागद काढून बघा. ओला डाग ज्या ठिकाणी असेल त्याच्या थोडे वर शिवण शोधा, कारण पाणी आत शिरल्यावर ओघळून खाली येते.

वापरणाऱ्या मुलांनाही दोन गोष्टी सांगाव्या लागतात. या कोटात सॅक काढायची तर आधी कोट काढावा लागतो. म्हणून पाण्याची बाटली, खाऊ आणि शिट्टी कोटाच्या पुढच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवायची. कोट कितीही चांगला झाला तरी सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळे सामान तिच्यात भरायचेच. कॉलेजचे ओळखपत्र, मोबाइल, औषधे यांना आणखी एक पिशवी. चढणीवर घाम येतो आणि कोट आतून ओला होतो. तो गळतो आहे असे समजून घाबरू नये. पाऊस कमी झाला की पुढची चेन उघडावी. सॅकमुळे पाठीमागे पोकळी राहते, तिथून थोडी हवा खेळते. आणि मोटारसायकलवर मागे बसताना शेपूट आवळून, आत खोचून बसायचे. ओढणी चाकात जाते तशीच कोटाची कडही जाते. हे पोरांना दोनदा सांगा.

राजमाचीबद्दलही ताईंना दोन शब्द. लोणावळ्याहून जाणारी वाट लांब असली तरी सोपी आहे. कर्जतच्या बाजूने कोंदिवड्याहून कोंडाण्याच्या लेण्यांवरून जाणारी वाट चढाची. ती लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत आणि पावसात त्यांच्या दर्शनी भागावरून पाणी कोसळत असते. मुलीने ती बघून यावीत असे मला वाटते. पण ओढ्यांना पाणी चढते, त्यामुळे वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवा. पावसाळ्यात काही ठिकाणी सरकारी बंदीही असते, तिची चौकशी निघण्याआधी करावी. वडिलांना हे सगळे एकदा शांतपणे बसून सांगितले तर ते नाही म्हणणार नाहीत.

घरी आल्यावर कोट ओला गुंडाळून कपाटात टाकायचा नाही. साध्या पाण्याने चिखल धुवायचा आणि सावलीत टांगून ठेवायचा. ओलसर ठेवलेल्या पीयूच्या कोटाचा थर चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे निघतात. तसे झाले की मग काही उपाय नाही.

विहारातल्या किंवा वस्तीतल्या शिवणवर्गात शिकलेल्या, घरी शिलाई घेणाऱ्या भगिनींना मुद्दाम सांगते. हे काम एकदा हाताला बसले की चार-पाच तासांत होते, आणि सध्या पाठीवर ओझे घेऊन पावसात फिरणारी गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. पण "जुना कोटच तर आहे, त्यात काय" असे म्हणून फुकटात करून घेणारेही भेटतील. शर्टाच्या शिलाईच्या दुप्पट मजुरी मागायला संकोच करू नका. कापड आणि टेपचे पैसे वेगळे लावा, आणि ते आधी घ्या. कोट गिऱ्हाइकाच्या भरलेल्या सॅकसकटच अंगावर घालून बघायला लावा, रिकाम्या सॅकवर बघून काम ताब्यात देऊ नका. काढलेल्या जुन्या पाठीचा छज्जा करून उरलेला तुकडा टाकू नये. त्याची नाडीची थैली शिवली तर घडी घातलेला कोट तिच्यात बसतो, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी शेजाऱ्याला घेऊन येते.